तुझी डिझेल गाडी आणि निडीचा फलाट

रोहा-अष्टमी,
सोमवार, २५ मार्च १९९६

प्रिय बंधू आरोन यास,

थोरला चुलतभाऊ सॉलोमन याचा शालोम. तू, शीरा आणि मुलं तिथे सुखरूप असाल, शीराच्या गुडघ्यांना तिकडची कोरडी हवा मानवली असेल आणि तुला अजून दोन्ही वेळेला भात मिळत असेल, अशी आशा करतो. इकडे मी आणि हन्ना ठीक आहोत. हन्नाचं ब्लडप्रेशर होतं तिथेच आहे, माझं तेरा तारखेपर्यंत उत्तम होतं. तुझं पत्र पोचलं, फोटोही पोचले. फोटोत तुझ्या मागे निळी मोटार उभी आहे ती तुझीच असेल तर अभिनंदन. ती किल्ली फिरवल्यावर चालू होते आणि किल्ली काढल्यावर बंद होते, असं मी धरून चालतो. इथे तसं नाही, आणि त्याच विषयावर हे पत्र आहे. शांतपणे लिहायचं ठरवलं आहे. हा तिसरा कागद. आधीचे दोन शांतपणे लिहिता आले नाहीत म्हणून फाडले.

तीन वर्षांत तुझी अकरा पत्रं आली. त्यांत तू आंब्यांची चौकशी केलीस, अष्टमीच्या पुलाची केलीस, आमच्या मांजराची केलीस (ते मेलं, दोनदा कळवलं आहे). मला विकलेल्या गाडीची एकदाही केली नाहीस. विकणारा विकलेल्या वस्तूबद्दल गप्प बसला की समजावं त्याला सगळं ठाऊक होतं, असं गुणाजी म्हणतो. गुणाजी म्हणजे इथला मेकॅनिक. तू असताना तो झाडाखाली बसायचा. तुझ्या गाडीच्या जिवावर त्याने आता पत्र्याची शेड घातली आहे आणि शेडीला फुलांचा हार घालायला मलाच बोलावलं होतं.

आठव जरा. जायच्या आधी आठ दिवस तू माझ्या ओटीवर बसून काय म्हणालास? "दादा, डिझेल गाडी आहे. पोटाला कमी खाते. घरात म्हातारं माणूस ठेवून चाललोय मी, कधी डॉक्टरकडे न्यायची पाळी आली तर?" ते म्हातारं माणूस म्हणजे तुझे वडील, आमचे एलोजीकाका. "या वयात मी नव्या भाषेत आजारी पडणार नाही," असं सांगून त्यांनी तुझ्याबरोबर विमानात बसायला साफ नकार दिला होता आणि आपली वळकटी उचलून माझ्याकडे राहायला आले होते. म्हाताऱ्या काकांचं नाव काढल्यावर मी काय बोलणार? घेतली गाडी. तू जे सांगितलं नाहीस ते मला गुणाजीने तिचं तोंड उघडून दाखवलं. गाडी मूळची पेट्रोलची. मोडीत निघालेल्या कुठल्याशा टेम्पोचं डिझेल इंजिन काढून ते हिच्या पोटात बसवलेलं. म्हणजे शेळीच्या अंगात रेड्याचं काळीज! आरोन, मी सदतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. नट आणि बोल्ट वेगवेगळ्या मापाचे असले तर मी सही करत नसे. आणि माझ्याच चुलतभावाने मला हे द्यावं?

पहिल्या दिवशी ती चालू केली तेव्हा समोरच्या मालूताई खिडकीतून विचारत्या झाल्या, "सॉलोमनभाऊ, गिरणी कुठं टाकलीव?" चालू करणं हाही एक विधी आहे. आधी किल्ली अर्धी फिरवून थांबायचं, आत कुठेतरी काड्या तापून लाल होईपर्यंत मनात वीस आकडे म्हणायचे, मग पुढे फिरवायची. थंडीत चाळीस. त्यानंतर जो धूर निघतो त्याने हन्नाच्या वाळत घातलेल्या चादरी इतक्या वेळा काळ्या झाल्या की ती आता काळ्याच चादरी आणते.

काका मात्र तिच्यावर खूश होते, हेही लिहायलाच हवं. ते संध्याकाळी उभ्या गाडीत मागच्या बाकावर बसून पेपर वाचायचे. "बैठक चांगली आहे," म्हणायचे. चालत्या गाडीत दोनदाच बसले. दुसऱ्या वेळी शुक्रवार होता. तुला ठाऊक असेल (नक्कीच ठाऊक असेल, पण सांगितलं नाहीस) की हे इंजिन किल्लीने बंद होत नाही, स्टिअरिंगखालची एक तार ओढावी लागते. आम्ही बाजारातून आलो, दारात गाडी उभी केली, तार ओढली, ती तार माझ्या हातात आली. इंजिन चालू! किल्ली काढून खिशात घातली तरी चालू. सूर्य कलत आलेला, हन्ना शब्बाथच्या दिव्याची तयारी करतेय, आणि दारात गिरणी धडधडतेय. सूर्य बुडून शब्बाथ लागला, आता यंत्राला हात लावायचा नाही, त्यामुळे मला तिला बंद करता येईना. काकांनी मागच्या बाकावरूनच निकाल दिला, "सॉलोमन, शब्बाथात आपण चालू केली नाही, शब्बाथात आपण बंदही करायची नाही. डिझेल संपेपर्यंत तिची तीच प्रार्थना करील." शेवटी मालूताईंनी कोणीही न सांगता गुणाजीला निरोप दिला. त्याने भिजवलेलं गोणपाट इंजिनाच्या नाकात कोंबलं, तेव्हा एकदा खोकून ती गप्प झाली. ते गोणपाट तेव्हापासून डिकीत कायम असतं. इतरांच्या डिकीत स्टेपनी असते.

काकांना डॉक्टरकडे न्यायची वेळ आलीच नाही. सकाळच्या चहाला बसले होते, कप खाली ठेवला आणि गेले. ते तुला तेव्हाच कळवलं आहे.

आता तेरा तारखेकडे येतो. काकांचं वर्ष भरत होतं. तू पत्रात अगदी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंस, "दादा, इथे गेलेल्या माणसासाठी कादीशची प्रार्थना म्हणायला दहा माणसं कोपऱ्यावर मिळतात, पण बाबांसाठी ती त्यांच्या मातीत म्हटली जावी अशी इच्छा आहे. तू व्यवस्था करशीलच." करशीलच! आरोन, आपल्या मशिदीत (तुम्ही आता सिनेगॉग म्हणत असाल) दहा माणसं जमून किती वर्षं झाली याचा तुला अंदाज आहे का? तुम्ही सगळे एकेक करून गेलात आणि जाताना प्रत्येकाने आपापली खुर्ची भिंतीला लावून ठेवली. रोह्यात आता पुरुष चार, मी धरून. पेणला तीन. नागोठण्याला एक. जित्याला मुसाजीमामा, वय वर्षं ब्याऐंशी. हे झाले नऊ. आणि दहा पुरुषांशिवाय कादीश होत नाही, हे तुला सांगायला नको. दहावा पनवेलच्या बँकेतला जेकब. त्याने अर्ध्या दिवसाची रजा काढून संध्याकाळच्या पॅसेंजरने रोह्याला उतरायचं कबूल केलं. बाकीच्यांना एसटीने येववत नाही. तेव्हा गोळा करायला मी, आणि गोळा करायचं साधन तुझं.

सकाळी निघालो. रोह्यातले तिघे खरं म्हणजे घरीच थांबायचे, पण म्हणाले, आम्हीही येतो, कित्येक वर्षांत पेण पाहिलं नाही. बसले. आधी थेट जित्याला जाऊन मुसाजीमामांना घेतलं, मग उलटं फिरून पेणचे तिघे, मग नागोठण्याचा एक. पुढे चार, मागे पाच. दोघांच्या हातात काठ्या, एकाच्या मांडीवर मलिद्यासाठी आणलेला नारळ, मुसाजीमामांच्या मांडीवर पेणचा पापड (हन्नासाठी, त्यांनी तो रस्त्यातच निम्मा कच्चा खाल्ला). गाडी चढावर इतकी हळू चालली होती की गवताचे भारे घेऊन जाणाऱ्या बाया आमच्या बरोबरीने चालत, आत डोकावून, कोण आजारी आहे अशी चौकशी करत होत्या.

आणि अशात मुसाजीमामांनी विचारलं, "सॉलोमन, तुझा पोरगा डॅनियल तुम्हा दोघांना कायमचं तिकडं बोलावतोय म्हणे. कधी निघताव?"

गाडीतले सगळे गप्प झाले. इंजिन सोडून.

"बघू," मी म्हणालो.

"बघ बाबा," मामा म्हणाले. "तू गेलास की मग नऊपण नाय. आणि आम्हांला न्यायला येईल कोण?"

 जायचे कागद भरलेले होते, पेटी हन्नाने माळ्यावरून काढून उन्हात ठेवली होती. उत्तर टाळायला मी काट्याकडे पाहिलं. डिझेलचा काटा अर्ध्यावर होता. मला समाधान वाटलं. हा काटा मी तीन वर्षं अर्ध्यावरच पाहतो आहे. मी रोह्याबाहेर फारसा जात नाही, दर सोमवारी थोडं डिझेल भरतो, त्यामुळे काटा जागच्या जागी राहतो ही माझी शिस्त, असं मी समजत होतो. हन्नाला तसं बोलूनही दाखवलं होतं.

निडीच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. तीच गाडी, जी दारात बंद व्हायला तयार नव्हती! सगळे उतरले. मी टाकीचं टोपण उघडून आत काडी घातली, ती कोरडीच्या कोरडी वर आली. काटा अजून अर्ध्यावर. आरोन, तो काटा तुझ्या वेळेपासून तिथे चिकटलेला आहे, आणि हे एक वाक्य, फक्त एक वाक्य, तुला ओटीवर बसून बोलता आलं नाही?

एका शेतकऱ्याने पाणी उपसायच्या पंपातून डबाभर डिझेल काढून दिलं. देव त्याचं भलं करो. ते ओतलं. काड्या तापवल्या, वीस म्हटले, चाळीस म्हटले. ढिम्म. रोह्याकडे चाललेल्या एका टेम्पोवाल्याच्या हाती गुणाजीला निरोप धाडला आणि आम्ही गाडी ढकलत निडी स्टेशनच्या वाटेला लावली. नऊ जणांच्या वयाची बेरीज साडेसहाशेच्या घरात जाते. मुसाजीमामा ढकलत नव्हते, पण गाडीवर हात ठेवून चालत होते आणि मधूनमधून "जोर लावा" म्हणत होते.

स्टेशनवर टेकलो तेव्हा पेणचे एक गृहस्थ ओरडले, "अरे, जेकबची पॅसेंजर आताच येईल! तो रोह्याला उतरेल आणि आपण इथं! त्याला इथंच उतरवून घ्या!" सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, मी लपवत नाही. आम्ही फलाटभर उभे राहिलो. गाडी आली. नऊ म्हातारे खिडक्याखिडक्यांतून डोकी घालून "जेकब! जेकब!" म्हणून ओरडत सुटले. आतल्या लोकांना वाटलं कुणीतरी लहान मूल हरवलंय. जेकब चौथ्या डब्यात खिडकीला टेकून झोपला होता. आम्ही त्याला हलवलं, त्याची बॅग ओढली, दोघांनी दंड धरले आणि गाडी हलता हलता त्याला फलाटावर उतरवलं. जिंकल्यासारखं वाटलं. पॅसेंजर रोह्याकडे निघून गेली.

जेकबने चष्मा सारखा केला, आमच्याकडे पाहिलं, जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "अंकल, तुम्हीच सगळे आत का नाही चढलात?"

 एकाने नारळ या हातातून त्या हातात घेतला. रोहा पुढचंच स्टेशन होतं, आरोन. पुढचंच.

पुढची एसटी कधी येईल ते कुणाला सांगता येईना, जेकबला परतीची गाडी गाठायची होती, आणि ऊन तिरपं होत चाललं होतं. तेव्हा मुसाजीमामा काठी आपटून म्हणाले, "दहा हायत ना? मोजा." मोजले. दहा होते. "मग मशीद कशाला पायजे? तोंड पश्चिमेला करा." आम्ही टोप्या सारख्या केल्या आणि निडीच्या फलाटावर पश्चिमेला, म्हणजे पवित्र नगरीच्या आणि तुझ्याच दिशेला, तोंड करून उभे राहिलो. उन्हाने डोळ्यांना अंधारी येत होती, पुस्तकातलं अक्षर दिसेना. त्यामुळे मिन्हा, म्हणजे दिवस कलतानाची प्रार्थना, पाठच म्हणावी लागली, आणि जो जिथे विसरला तिथे त्याला दुसऱ्याने उचलून धरलं.

रोह्याच्या बाजारातून परत आलेली एक म्हातारी तिथे वालाच्या शेंगांची रिकामी पाटी घेऊन बसली होती. बायजा नाव, मागाहून कळलं. तिने तिकीटबाबूला विचारलं, हे कुणाचं चाललंय? त्याला काय ठाऊक! मग मला विचारलंन. मी म्हणालो, "माझ्या काकांचं वर्ष आहे. एलोजी वाक्रुळकर. सरकारी खात्यात होते, गावोगाव देवी टोचायचे."

ती उठून उभीच राहिली. पदर बाजूला करून दंडावरचा रुपयाएवढा वण दाखवलान. "ह्यो त्यांचाच! मी पोर होतं. माच्यावर लपलंवतं, पायाला धरून खाली काढलान मला. केवढ्या शिव्या दिलेल्या त्यांना माझ्या आयशीनं!" आणि मग हळूच, "गेलं व्हय ते?"

"गेले," मी म्हणालो.

"त्या सालात शेजारच्या वाडीत पोरं गेली हो. आमच्याकडली नाय." एवढं बोलून तिने पाटी खाली ठेवली आणि डोक्यावर पदर घेऊन आमच्या मागे उभी राहिली, संपेपर्यंत.

कादीश मी म्हटली. ती मुलाने म्हणायची असते; पण मुलाने ते काम, गाडीसारखंच, मला देऊन टाकलं आहे. मध्ये एके ठिकाणी माझा आवाज गेला. बाकीच्या नऊ जणांनी "आमेन" जरा लांबवलं आणि मला वेळ दिला. हे मी तुला रागानेच लिहितो आहे, दुसरा अर्थ काढू नकोस.

संपलं तोवर गुणाजी लूनावरून आला. त्याने इंजिनाची कसलीशी नळी सैल केली, एक पंप अंगठ्याने दाबत राहिला, आधी फेस आला, मग नुसतं डिझेल. "सॉलोमनशेठ, टाकी कोरडी पडली का हिच्या नळीत हवा धरते. मग वरून कितीपण ओता, नाय चालायची. डिझेलवालीला उपाशी ठेवायची नसते." आणि काट्याच्या काचेवर त्याने एक टिचकी मारली. काटा पडला. शून्यावर! एका टिचकीने! तीन वर्षं!

गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. दहाही जण कसे बसले ते विचारू नकोस. जेकबने एक पाय दाराबाहेर धरला होता. रोह्याला हन्नाने मलिदा करून ठेवला होता. आम्ही आत शिरताच तिने आधी पापड मोजले. मग जेकबला त्याच्या गाडीवर घातलं, जित्या-पेण-नागोठण्याच्या मंडळींना आमच्याकडे झोपवलं आणि सकाळी घरोघर पोचवून आलो.

तात्पर्य असं की, आरोन, तू मला फसवलंस. भाऊ असून फसवलंस. ही गाडी घरात राहणार असेल तर मी राहणार नाही. तू ये आणि तिला विमानात घालून ने, नाहीतर मी तिला भंगारात देतो. यावर मला तुझं काही ऐकायचं नाही. शीराला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा संतप्त दादा,
सॉलोमन

ता. क. नागोठण्याच्या एका गिरणीवाल्याला तिचं इंजिन हवं होतं. चांगला माणूस, रोख बोलत होता. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्याच्या गळ्यात असली वस्तू मारायला मी म्हणजे तू नव्हे.

ता. क. २. मुसाजीमामांचं कार्ड आलं आहे. पेसाहच्या सणाला त्यांना घ्यायला किती वाजता येतो असं विचारतात. गाडीचं काय झालं हे कार्डात विचारलेलं नाही. म्हाताऱ्या माणसांना कसं समजावणार?

ता. क. ३. पाकिटात दोन छापील फॉर्म आहेत. गाडी कागदोपत्री अजून तुझ्याच नावावर आहे. पेन्सिलीने फुल्या केल्या आहेत तिथे सह्या करून उलट टपाली पाठव. वेळ लावू नकोस. डॅनियलला मी वेगळं लिहिलं आहे की आमचं यंदा जमत नाही. पुढचं पुढे बघू. पेटी माळ्यावर परत गेली आहे.

आरोनभावजी, मी हन्ना. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. यांचं मनावर घेऊ नका. रोज सकाळी उठून गाडी पुसतात आणि काट्यावर टिचकी मारून बघतात. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव लिहायची जागा यांनी कोरी सोडली होती, एवढं सगळं लिहिल्यावर लाज वाटली असेल. ती मी भरली आहे. माझं नाव घातलं आहे. म्हणजे रागाच्या भरात कधी विकायला काढली तर आधी मला विचारावं लागेल. आणि भावजी, फलाटावर असते तरी बाई म्हणून दहांत मला कोणी धरलं नसतं. गाडीच्या कागदावर तरी धरू द्या. सह्या निळ्या शाईने करा.